मोजायची काडी

“ओढायची न्हाय, मोजायची हाय.”

कुणी काडी मागायला आलं की अण्णा एवढंच म्हणत आणि काडेपेटी शर्टाच्या वरच्या खिशात परत ठेवून देत. स्वतः जन्मात कधी बिडीला शिवले नाहीत. घरचे जैन, हातकणंगल्याचे, नेमाला कडक. सूर्य बुडाल्यावर तोंडात काही घ्यायचे नाहीत. अशा माणसाच्या खिशात काडेपेटी कशाला, असं नव्या माणसाला वाटायचं. आम्हां जुन्यांना ठाऊक होतं. ती त्यांची फूटपट्टी होती.

शिरोलीच्या वसाहतीत आमची फाउंड्री होती, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. ते तयार माल तपासायचे आणि मी खरेदी खात्यात कागद रंगवायचो. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते मात्र ज्याला त्याला खात्याच्या नावाने हाक मारत. मी ‘परचेस’. माझ्या लग्नाच्या पंगतीत मी आग्रह करत फिरत होतो, तर हे सगळ्या पाहुण्यांदेखत ओरडले, “ओ परचेस, जिलबी हिकडं येऊ द्या की!” सासरेबुवांना पुढे कितीतरी दिवस वाटत होतं की ते माझं घरातलं लाडाचं नाव आहे.

मालात भेग दिसली की तिच्याशेजारी काडी ठेवायची आणि लिहायचं: टोकाच्या गुलाएवढी, अर्धी काडी, पाऊण काडी. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने एकदा पत्र पाठवून विचारलं की ‘काडी’ हे परिमाण कोणत्या मानकात बसतं. अण्णांनी उत्तरादाखल कुरिअरने एक काडेपेटी पाठवून दिली. वरून मलाच म्हणाले, “आता त्यांच्याकडं बी पट्टी झाली. मोजू द्या की.”

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. त्याला आपण हसतो, त्याच्या नकला करतो, आणि तो रजेवर गेला की आपलं काम अडतं. अण्णांची नक्कल मी फार चांगली करत असे. आता कुणी करायला सांगितली तरी करवत नाही.

दोन हजार चारच्या सुमाराची गोष्ट. काड्यांना कंटाळून म्हणा किंवा काळ बदलला म्हणून म्हणा, गिऱ्हाइकं दोष असलेल्या मालाचे फोटो ईमेलने मागू लागली. आमच्या मॅनेजरसाहेबांनी ठरवलं की प्रत्येक लाइनीला एक असे पाच छोटे डिजिटल कॅमेरे घ्यायचे. राजारामपुरीतल्या एका दुकानदाराने एक कॅमेरा महिनाभर वापरून बघायला दिला. साबणाच्या वडीएवढा, चंदेरी, खिशात घातला तर कळू नये इतका हलका. तो ‘रोजच्या वापरास योग्य आहे काय’ हे बघायचं काम अण्णांकडे आलं, आणि त्यांनी भरायचा तक्ता मी तयार केला. नऊ चौकटी होत्या. बॅटरी, स्पष्टता, जवळचा फोटो, धूळ, हाताळणी असं सगळं. नववी चौकट ‘शेरा’. त्या तक्त्याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

अण्णांनी कॅमेरा काडेपेटीशेजारी खिशात टाकला आणि आठ दिवसांत त्याची कुंडली मांडली. “चालू व्हायला चार सेकंद घेतंय. बटण दाबलं की आधी इचार करतंय, मग काढतंय. दिवा लावला की समदं पांढरंफट. दिवा बंदच बरा. बॅटरी दोन दिस. पोरगं गुणी हाय, पण जरा आळशी.” वाळूची धूळ आत जाऊ नये म्हणून तो साखरेच्या पिशवीत घालून ठेवत. आत बसलेलं कार्ड इतकं छोटं होतं की वीस-पंचवीस फोटोंत भरायचं. मग ते माझ्या टेबलाशी येत, मी फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घेई आणि कार्ड रिकामं करून परत देई.

कॅमेरा पारखायचा तर रोज एकाच वस्तूचा, एकाच वेळी, एकाच अंतरावरून फोटो काढला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्याशिवाय कॅमेरा बिघडला की वस्तू बिघडली, कळणार कसं? पण कारखान्यात एकच वस्तू रोज कुठली राहायला. माल ट्रकमध्ये बसून निघून जातो. म्हणून त्यांनी क्रेनचा हूक निवडला. आमच्याकडे सकाळी साचे बनत, दुपारी भट्टी तापे आणि चारच्या पुढे ओतकाम. वितळलेल्या लोखंडाने भरलेली मोठी बादली हुकाला टांगून क्रेन साच्यांवरून फिरवायची. सकाळी तो हूक छातीएवढ्या उंचीवर रिकामा लोंबत असे. साडेअकराला छतातल्या काचेतून ऊन नेमकं तिथे पडायचं. अण्णा ओल्या मातीच्या चिमटीने हुकाच्या मानेवर काडी चिकटवत आणि फोटो काढत. “माल बदलतोय. हूक काय बदलत न्हाय,” म्हणायचे.

नवव्या की दहाव्या दिवशी मी तो फोटो मोठा करून पाहत होतो. काडीशेजारी एक केस दिसला. मी रुमालाने पडदा पुसला. केस तिथेच. अण्णा माझ्या खांद्यावरून वाकले आणि म्हणाले, “पुसू नगा. त्यो पडद्यावर न्हाय.”

आधीचे फोटो काढून पाहिले. पहिल्या दिवशीच्या फोटोतही तो केस होता, पण इतका बारीक की सांगितल्याशिवाय दिसू नये. काडीच्या गुलाएवढा. दहाव्या दिवशी गूल ओलांडून पुढे आलेला.

“चीर हाय ही. वाढतीया,” अण्णा म्हणाले.

मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं सांगतो. मला वाटलं, कॅमेरा झकास आहे. जवळचा फोटो, स्पष्टता, दोन चौकटी भरल्या.

त्या हुकाखाली दत्तू उभा असायचा. हा गारगोटीकडचा पोरगेला माणूस, नुकतंच लग्न झालेला. बादली कलती करून लोखंडाचा रस साच्यात ओतायचं काम त्याचं. दत्तू हा एकच माणूस असा की अण्णा त्याला नावाने हाक मारत. तो ओतणारा आणि हे तपासणारे. त्याच्या हातचा माल सहसा परत जात नसे, म्हणून जीव. अण्णांनी त्याला गाठून सांगितलं, “दत्तू, हुकाच्या खाली उभा राहू नगंस. हातभर मागं.” दत्तू हसला. “अण्णा, मागं सरून वतायचं कसं? रस काय रॉकेल हाय व्हय, नळी लावून वताया?” खरं होतं त्याचं. ती बादली जवळ उभं राहिल्याशिवाय कलती होत नसे.

मग अण्णा मेंटेनन्सच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, क्रेन तुमच्या खात्यात येते का? लेखी द्या, तुमच्या साहेबांच्या सहीने. अण्णांचे साहेब महिनाभर पुण्याला होते. तपासणी खात्याकडे मालासाठी छापील फॉर्म होते, क्रेनसाठी नव्हता. मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर थेट जाईल असा त्या महिन्यात अण्णांच्या हाताशी एकच कागद होता. माझा कॅमेऱ्याचा तक्ता.

रोज साडेअकराला फोटो निघत होता. चीर पाव काडी झाली. पुढे अर्ध्या काडीला आली. जेवणाच्या सुट्टीत पूर्वी ते पोरांत बसून थट्टा करत. आता हुकाकडे तोंड करून बसू लागले.

खंडेनवमीच्या तीन दिवस आधी त्यांनी तक्ता भरून माझ्यापुढे ठेवला. आठ चौकटी बिनचूक. नवव्या चौकटीत त्यांच्या मोठ्या, गोल अक्षरात: ‘क्रेनच्या हुकाला चीर आहे. अर्धी काडी. वाढते आहे. माणूस खाली असतो.’

“अण्णा, हा शेरा कॅमेऱ्याबद्दल नाही,” मी म्हणालो.

“कॅमेऱ्यानंच दाखवलंय न्हवं?”

“हो, पण साहेब एक पान वाचतात. त्यात क्रेन आली की ते म्हणतील परचेसला कळत नाही. दुकानदाराची सवलत दसऱ्यापर्यंतच आहे. मी हुकाचं वेगळं लिहून देतो. माझ्या सहीने.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “द्याल न्हवं?”

“देतो म्हटलं ना.”

मी त्यांच्यादेखत शेऱ्यावर आडवी रेघ मारली. मग तक्ता टाइप केला, शेऱ्याची चौकट कोरी ठेवली आणि सोबत मालाचे तीन सुरेख फोटो जोडले. कॉम्प्युटर जड झाला होता म्हणून बाकीचे फोटो पुसून टाकले. हाताने भरलेला तक्ता खणात गेला. हुकाची चिठ्ठी उद्या लिहू म्हटलं. उद्या दुकानदार आला, परवा पेढ्यांची ऑर्डर द्यायची होती.

खंडेनवमीला आमच्याकडे काय होतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. आदल्या संध्याकाळपासून कारखाना धुऊन काढतात. यंत्रांना रंग लागतो. पोरांनी हौसेने क्रेनच्या हुकाला तांबडा ऑइलपेंट दिला, दोन हात. सकाळी त्याला हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, समोर नारळ फोडला. त्या चिमुकल्या कॅमेऱ्यालाही कुणीतरी पूजेत मांडलं होतं. त्याच्या भिंगाच्या झाकणात कुंकू अडकलं आणि ते दोन दिवस उघडेना.

पूजेच्या गर्दीत अण्णा मॅनेजरसाहेबांच्या जवळ सरकताना मी पाहिलं. “साहेब, ते फोटोत दिसतंय ते बघितलं काय?” साहेबांनी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. “पाहिलं, पाहिलं. उत्तम फोटो. पाचही घेतोय आपण.” पुढचा माणूस पाया पडायला वाकला, आणि अण्णा प्रसाद मुठीत धरून मागे सरले.

दसऱ्यानंतर कामं सुरू झाली. साडेअकराला अण्णांनी पुन्हा फोटो काढला. पडद्यावर गुळगुळीत तांबडा हूक, नव्या नवरीसारखा. केस नाही, रेघ नाही.

“गेली की हो चीर,” मी म्हणालो. अगदी हलकं वाटलं मला.

“रंग दिसतोय, परचेस. लोखंड दिसंना.”

पॉलिशपेपर घेऊन ते रंग खरडायला गेले तर पोरांनी अडवलं. पूजेचा हूक आहे, माळ आपोआप गळेपर्यंत हात लावायचा नाही, लावला तर वर्षभर अपघात होतात, असं त्यांचं म्हणणं. दत्तूही त्यातच होता. “अण्णा, दसऱ्याचं कुकू पुसतासा व्हय?” म्हणाला. अण्णा पॉलिशपेपर खिशात घालून परत आले. माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाले, “चिठ्ठी दिली न्हवं?”

मी म्हणालो, “दिली.”

खोटं इतक्या सहज निघालं की मलाच नवल वाटलं. चीर दिसतच नव्हती. नसलेल्या चिरेची चिठ्ठी देऊन मेंटेनन्सशी वैर कशाला घ्या, असा माझा हिशोब.

त्या दिवसापासून अण्णा साडेपाचला घरी जाईनासे झाले. ओतकाम संपेपर्यंत थांबत. क्रेन हलली की खांबाला टेकून उभे राहत, आणि बादली दत्तूवर आली की ओरडत, “दत्तू, मागं!” दत्तू जमेल तेवढा मागे सरे, पोरं हसत, पुढच्या साच्याला परत तेच. मीही हसलो. घरून आता दुसरा डबा येऊ लागला होता. दिवस लहान होत चालले होते. अण्णा छतातल्या काचेकडे बघत आणि ऊन तांबूस झालं की धावत जाऊन दहा मिनिटांत डबा उरकून येत. पूर्ण ओतकामात ते खांबाशी नसत ती तेवढीच दहा मिनिटं.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, त्या दहा मिनिटांत हूक तुटला.

मी वरच्या ऑफिसात होतो. आवाज मोठा नव्हता. लोखंडी दार आपटावं तसा. मग ओरडणं. बादलीत तळालाच थोडा रस उरला होता आणि ती कमरेएवढ्याच उंचीवर होती, म्हणून दत्तू वाचला. उजवा पाय मात्र गेला. मी खाली पोचलो तेव्हा अण्णा उष्ट्या हाताने त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. “मी हाय, दत्तू. मी हाय,” एवढंच म्हणत होते. डबा तिकडे उघडाच पडला होता.

चौकशीला सरकारी साहेब आले. मॅनेजरच्या खोलीत टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर तुटलेला हूक ठेवला होता. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग चांदीसारखा ताजा, अर्धा काळपट जुना. आणि त्या जुन्या भागात तांबड्या रंगाचा ओघळ आत उतरलेला. साहेबांनी पेनाच्या टोकाने तो दाखवला. “रंग आत गेलाय. म्हणजे रंगवायच्या आधीच चीर होती. कुणाला दिसली होती का?”

“मला,” अण्णा म्हणाले. “फोटो बी हुतं. आनि मी लिवलं हुतं.”

“कुठं?”

“कॅमेऱ्याच्या तक्त्यात. शेऱ्यात.”

मला तक्ता आणायला सांगितलं. मी ऑफिसात गेलो, खणासमोर उभा राहिलो. हाताने लिहिलेला कागद वरच होता. मी कपाट उघडलं आणि फाइलमधला टाइप केलेला घेऊन आलो.

सरकारी साहेबांनी तो पाहिला आणि अण्णांपुढे सरकवला. शेऱ्याची चौकट कोरी. अण्णांनी कागद पाहिला. माझ्याकडे पाहिलं नाही. खिशातून काडेपेटी काढली, त्यातली एक काडी काढली आणि त्या कोऱ्या चौकटीत आडवी ठेवली.

“एवढं हुतं,” म्हणाले. “हितं.”

साहेबांना काही कळलं नाही. ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. खोलीत ते कळलेला मी एकटाच होतो आणि मी तोंड उघडलं नाही. अण्णांनीही माझं नाव घेतलं नाही. जुना हूक, नैसर्गिक झीज, असं काहीतरी लिहून फाइल बंद झाली. त्या महिनाअखेरीला अण्णांनी काम सोडलं. माझ्या टेबलाशी निरोप घ्यायला आले नाहीत. पाचही कॅमेरे मात्र छान चालले. रोजच्या वापरास योग्य.

अण्णांच्या हातचा तो कागद मी चार वर्षं खणात ठेवला. फाडता येत नव्हता आणि देताही येत नव्हता. नोकरी बदलायचं ठरलं, खण रिकामा करायची वेळ आली, तेव्हा एका रविवारी दुपारी हातकणंगल्याला गेलो. स्टेशनकडच्या गल्लीत घर विचारत विचारत पोचलो. दार अक्कांनी उघडलं, म्हणजे अण्णांच्या बायकोने. भिंतीवर अण्णांचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवायचं कारणही नव्हतं.

मी नाव सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. मग मी म्हणालो, “मी फाउंड्रीतला. परचेस.”

त्यांचा चेहरा बदलला. “तुम्हीच व्हय परचेस? यायला लई दिस लागलं की.” त्यांनी सतरंजी अंथरली. “ते म्हनायचे, परचेसकडं माजा कागद हाय. मानूस वाईट न्हाय, आनून देतंय. दारात मोटार वाजली की बघायचे. त्या दिसापासनं सांजचं जेवन सोडलं ते शेवटपतूर. म्हनायचे, जेवाया गेलो आनि पोराचा पाय गेला. मी म्हनायची, तुमी लिवलं हुतं न्हवं? तर म्हनायचे, कागद येऊ दे, मग जेवतो.”

मी खिशातून कागद काढला. तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं. “ह्यात त्यांचं अक्षर कुठलं?” मी शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं. त्या कागद घेऊन दाराच्या उजेडात गेल्या, अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. बोट मध्येच थांबलं.

“आनि ह्यावर रेघ कुनी मारली?”

“मी,” म्हणालो.

त्या उजेडातून आत आल्या. कागदाची घडी घालून त्यांनी ती फोटोखालच्या फळीवर, काडेपेटीशेजारी ठेवली. मी उठलो. त्यांनी दारातून बाहेर पाहिलं. समोरच्या भिंतीवर ऊन तांबूस व्हायला लागलं होतं.

“बसा,” त्या म्हणाल्या. “सूर्य हाय तवर दोन घास खाऊन जावा.”